नव्या काचपेटीतील मासे का मरतात?

घरात काचेची पेटी मांडून तीत रंगीत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कलबुर्गी अशा आपल्या सीमाभागातील गावांतूनही अनेक घरांच्या बैठकीत गप्पी, मॉली, सोनमासे यांनी भरलेली काचपेटी दृष्टीस पडते. आणि बहुतेक घरांत एक अनुभव सारखाच येतो. पेटी नवी, काच लखलखीत, वाळू चार-चार वेळा धुतलेली, पाणी आरशासारखे स्वच्छ. आणि तरीही चौथ्या-पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात आणि एकामागून एक उलटे होऊन तरंगतात. अंगावर जखम नसते, रोगाचा डाग नसतो. घरातील लहान मुले हिरमुसतात आणि मोठी माणसे कारण शोधू लागतात.

कोणी म्हणते, दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी वडीलधारे समजूत घालतात की, घरावर येणारे संकट माशाने आपल्या अंगावर घेतले. या शेवटच्या बोलण्यात लहान मुलाच्या मनाला धीर देण्याचा हेतू असतो, हे खरे; परंतु त्या समाधानाबरोबर प्रश्नही संपून जातो. मग सर्व पाणी ओतून दिले जाते, वाळू नळाखाली धरून पुन्हा खळखळून धुतली जाते, काच घासली जाते, नवे पाणी व नवे मासे येतात; आणि पुन्हा चौथा-पाचवा दिवस उजाडतो.

विद्यार्थी मित्रहो, या मृत्यूला कारण आहे, ते शास्त्राला माहीत आहे, आणि ते शोधून काढण्यास फार मोठी साधनसामग्री लागत नाही. मात्र त्यासाठी मनातील एक समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. स्वच्छ दिसणारे पाणी आणि जगण्यास योग्य पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या पेटीतील दोष बहुधा घाणीत नसतो. तो तिच्या नवेपणातच असतो.

पेटीच्या आत काय घडते

मासा अन्न खातो. त्या अन्नातील प्रथिनांत नत्र असते. आपल्या शरीरात नत्राचा टाकाऊ भाग युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. माशांच्या बाबतीत तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात उतरतो. न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. चार काचांच्या आत कोंडलेल्या माशाला मात्र स्वतःच्याच उत्सर्गात राहावे लागते.

तरीही वर्षानुवर्षे चाललेल्या पेट्यांत मासे सुखाने नांदतात, ते कसे? तेथे माशांबरोबर न दिसणारे दुसरे रहिवासी असतात. वाळूच्या प्रत्येक कणावर, काचेवर, गाळणीच्या स्पंजावर जीवाणूंचा एक पातळ, बुळबुळीत थर वाढलेला असतो. त्यांतील काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी. नायट्रेट मात्र त्यांच्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी. या क्रियेस नत्रीकरण म्हणतात. नव्या पेटीत मासे पहिल्या दिवसापासून असतात; परंतु हे सफाईदार तेथे अजून वस्तीला आलेले नसतात.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. अन्न नासविणारे साधे जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात; नत्रीकरण करणाऱ्यांना दुप्पट होण्यास कित्येक तास, पुष्कळदा एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. म्हणून पेटी स्थिरावण्यास सुमारे चार ते सहा आठवडे जातात. मासे मरतात ते बहुतांशी याच काळात.

आपल्या शेतकरी कुटुंबांतील मुलांना ही गोष्ट नवी वाटू नये. ताजे, न कुजलेले शेणखत पिकाच्या मुळाशी घातले तर पीक जळते आणि तेच खत उकिरड्यात मुरले म्हणजे पिकाला मानवते, हे घरचे आजोबा सांगतात. ताज्या खतातील अमोनियाची तीव्रता काळ व जीवाणू मिळून कमी करतात. कलबुर्गीच्या तुरीच्या रानात जे जीवाणू मातीत काम करतात, त्यांचेच भाईबंद काचपेटीच्या वाळूत काम करतात.

वॉरिंग्टन पिता-पुत्र

या ज्ञानाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. १८५० साली त्यांनी तेथील केमिकल सोसायटीपुढे आपल्या एका प्रयोगाची हकीकत मांडली. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन सोनमासे व वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. प्रारंभी सर्व ठीक चालले; पुढे वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि मासे धोक्यात आले. तेव्हा त्यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली, आणि मासे, वनस्पती व गोगलगायी यांचा मेळ बसला. घरगुती मत्स्यालयाच्या शास्त्राचा पाया येथे घातला गेला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

वॉरिंग्टनांनी जे सांगितले ते खरे होते, पण अर्धे होते. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगायी कचरा खातात, एवढी साखळी त्यांना दिसली. अमोनियाचे काय होते, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते.

१८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्यून्त्स या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका उभ्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू पाझरू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनियात काहीही बदल झाला नाही. त्यानंतर मात्र खालून निघणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, आणि पुढे थोड्या मातीचे धुवण टाकताच ती पुन्हा सुरू झाली. वाळू तीच, पाणी तेच. बदल झाला तो जिवंत वस्तीत. हे वीस दिवस लक्षात ठेवावेत. नव्या काचपेटीची कथा त्यांतच सामावलेली आहे.

आणि पुढे या नत्रीकरणाचा चिकाटीने अभ्यास केला तो इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात, पहिल्या वॉरिंग्टनांच्या मुलाने. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८-१९०७). ही क्रिया दोन टप्प्यांची असून प्रत्येक टप्प्याचे जीवाणू निराळे आहेत, हे त्याने दाखविले. ते जीवाणू वेगळे करून वाढविण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी साधले. पित्याने मत्स्यालयाचा समतोल साधला. त्या समतोलाचा न दिसणारा अर्धा भाग उकलण्यास पुत्राने आयुष्याची कित्येक वर्षे दिली.

हा अभ्यास अजूनही संपलेला नाही. २००५ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयातील खड्यांतून अमोनियावर जगणारे एक निराळ्याच कुळाचे सूक्ष्मजीव मिळाले. २०१५ साली असे आढळून आले की, अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जीवाणूही असतात. त्यांतील काही मत्स्यपालनाच्याच गाळणीत सापडले.

आपल्या भागातील पाणी

आता आपल्या प्रांताकडे वळू. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाच्या कल्ल्यांतून सहज आत शिरते व विषारी ठरते. दुसरे त्या मानाने सौम्य असते. कोणते रूप किती असेल, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर, अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तपमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूप शेकडा सुमारे ०.६ असते. सामू ८ झाला की ते शेकडा सुमारे ५.४ होते, आणि ९ झाला की शेकडा ३६ च्या घरात जाते. तपमान वाढले तरी हे प्रमाण वाढते.

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. त्या सच्छिद्र जांभ्यातून झिरपणारे पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडते. नौबादची बहामनी काळातील भूमिगत करेज याच पाण्यावर बेतलेली होती. जांभ्यातील पाणी सामान्यतः हलके असते, साबणाला फेस चांगला येतो. शहाबाद, वाडी, सेडम या बाजूस मात्र जमिनीखाली चुनखडक आहे. आपल्या घराघरांत बसविलेली शहाबादी फरशी ती हीच. चुनखडकातील पाणी जड व अल्कधर्मी असते. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, साबण फेसाळत नाही. काळ्या मातीच्या भागातील बोअरचे पाणीही पुष्कळदा जडच असते.

याचा परिणाम हिशेबाने पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत वाळू वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. रोज एक ग्रॅम खाद्य टाकले, त्यात शेकडा ४० प्रथिने धरली, तर त्यांत सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र येते. त्यातील निम्मे जरी अमोनियारूपाने पाण्यात उतरले, तरी लिटरमागे रोज सुमारे ०.७ मिलिग्रॅमची भर पडते. पाच दिवसांत ही भर ३.५ मिलिग्रॅम होते. सामू ७ असलेल्या पाण्यात यातील विषारी भाग लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम, सामू ८ असलेल्या पाण्यात ०.१९ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहापट. पहिल्या पाण्यात मासे कसेबसे तग धरतील. दुसऱ्यात त्यांचे कल्ले भाजल्यासारखे लाल होतील आणि नाजूक जातीचे मासे दगावतील. पेटी तीच, मासे तेच, खाद्यही तेच. तरी एका गावी जगतात व दुसऱ्या गावी मरतात, याचे रहस्य पुष्कळदा पायाखालच्या दगडात असते.

मृत्यूची वेळ काय सांगते

वैद्य नाडी पाहतो, तसे आपण घड्याळ व दिनदर्शिका पाहावी. मासा केव्हा मेला, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

पाण्यात सोडल्यापासून काही तासांतच सर्व मासे मेले, तर अमोनियास दोष देऊ नये. तो इतक्या लवकर साचत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, पिशवीतील व पेटीतील पाण्याच्या तपमानातील मोठा फरक, किंवा बोअरमधून नुकतेच काढलेले पाणी यांचा संशय घ्यावा. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू अत्यल्प व कार्बन डायऑक्साइड अधिक असण्याचा संभव असतो. ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवले व ढवळले म्हणजे हवेशी त्याचा मेळ बसतो. साधा क्लोरीनही अशा रीतीने एका दिवसात बहुतांशी उडून जातो.

मासे पहाटे वर येऊन धापा टाकत असतील व दुपारी बरे दिसत असतील, तर प्राणवायू कमी पडतो आहे. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटेस त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांस लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांस सुमारे साडेसात. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत एकेक मासा जात असेल, कल्ले लाल दिसत असतील, तर तो बहुधा अमोनिया. यानंतर काही दिवस बरे जाऊन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा मासे मरू लागले व कल्ले तपकिरी दिसले, तर तो नायट्राइट समजावा. नायट्राइट रक्तातील रंगद्रव्यात असा बदल घडवितो की त्यास प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. एकच मासा मेला व बाकीचे दीर्घकाळ ठणठणीत राहिले, तर मात्र रोग, वार्धक्य किंवा आपसातील मारामारी यांचा विचार करावा.

उपाय

सर्वांत चांगला उपाय धीराचा आहे. पेटी मांडावी, हवेचा पंप व गाळणी चालू करावी, आणि एक महिना तीत मासा सोडू नये. रोज चिमूटभर खाद्य मात्र टाकावे. त्याच्या कुजण्याने जीवाणूंना अमोनिया मिळतो व त्यांची वस्ती वाढते. ओळखीच्या घरी निरोगी मासे असलेली जुनी पेटी असेल, तर तिच्यातील मूठभर वाळू किंवा वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या पेटीत ठेवावा. श्लोसिंग व म्यून्त्स यांनी मातीचे धुवण टाकून जे केले, तेच हे. जिवंत पाणवनस्पतीही अमोनिया शोषून घेतात.

मग प्रथम दोन-तीनच मासे आणावेत व दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून मगच मासे सोडावेत.

मासे मरू लागले, तर पेटी रिकामी करू नये. मेलेला मासा लगेच काढावा, खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवावे, आणि रोज एक चतुर्थांश पाणी काढून तितकेच शिळे, सारख्या तपमानाचे पाणी घालावे. नायट्राइटचा संशय असल्यास दहा लिटरमागे एक ग्रॅम मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. स्पंज धुवायचा तर पेटीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा; नळाखाली धरल्यास क्लोरीनने जीवाणू मरतात. वाळू उकळून किंवा साबणाने धुऊन जो पेटी ‘चकचकीत’ करतो, तो अनेक दिवस खपून उभी राहिलेली वस्ती एका तासात उठवितो आणि वीस दिवसांचे ते घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो. दर वेळी सर्व मासे मरण्याचे कारण पुष्कळ घरांत हेच असते.

शाळेत करता येईल असा प्रयोग

हा प्रयोग माशाचा जीव धोक्यात न घालता करता येतो. दोन सारख्या बरण्या घ्याव्यात. दोहोंत रात्रभर उघडे ठेवलेले पाणी, सारखी धुतलेली वाळू व हवेची नळी असावी. एकीत जुन्या पेटीतील मूठभर ओली वाळू घालावी, दुसरीत घालू नये. दोहोंत रोज सारखेच खाद्य टाकावे. रंगीत माशांच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू तपासण्याचे थेंब मिळतात. दर तीन दिवसांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासणी करून आकडे वहीत लिहावेत व महिन्याअखेर आलेख काढावा. आधी अमोनिया चढेल व उतरेल, मग नायट्राइट चढेल व उतरेल, शेवटी नायट्रेट वाढत जाईल. जुनी वाळू घातलेल्या बरणीत हे टप्पे सहसा लवकर आटोपतील. शहाबादकडील विहिरीचे व बिदरच्या जांभ्यातील विहिरीचे पाणी मिळाले, तर त्यांच्या सामूचीही तुलना करावी. बिदर येथे पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञानाचे राज्याचे विद्यापीठ आहे. ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी लागेल, त्यांना पुढील शिक्षणाचा मार्ग आपल्याच जिल्ह्यातून सुरू होतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

एक शेवटचा विचार. जो नियम ४५ लिटरच्या काचपेटीस लागू आहे, तोच गावच्या तळ्यास, विहिरीस व नदीस लागू आहे. त्यांनाही आपण टाकलेली घाण पचविण्याची एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा त्यांतील न दिसणारे जीव ठरवितात. कारंजा, मांजरा व भीमा यांचे पाणी आपण पितो. त्यांत एका दिवसात किती सांडपाणी व किती खत जावे, याचा विचार करणारा नागरिक घडायचा, तर त्याने लहानपणी एका काचपेटीची वही नीट ठेवलेली असावी. मासा मेला म्हणजे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या दिवसाची तारीख, वेळ, तपमान व पाण्याचा सामू ज्याने लिहून ठेवला, त्याचा पुढचा मासा जगण्याचा संभव अधिक असतो.